सप्ताह संपल्यावर कोण मोजणार?

नमस्कार, श्रोतेहो.

वास्कोच्या दामोदर भजनी सप्ताहाची कथा आपण ऐकत आलो आहोत. गावात साथ पसरली, माणसं जांबावलीला दामोदराकडे धावली, तिथलं श्रीफळ आणून अखंड भजन सुरू झालं. आजचं दुखणं मात्र गाजावाजा न करता घरात शिरतं. 2023 साली प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआर-इंडियाब या मधुमेहाच्या देशव्यापी पाहणीत देशातल्या 11.4 टक्के प्रौढांना मधुमेह आढळला. गोव्यात 26.4 टक्के, सगळ्या राज्यांत जास्त!

म्हणून देवळात, चर्चमध्ये तपासणी शिबिरं होतात, याचा मला आनंद आहे. दवाखाना टाळणारी आजी आरती चुकवत नाही. पण अशा एका शिबिरात मी मदतीला होते. अहवालात आलेल्यांची संख्या तेवढी होती. नंतर कुणाची साखर उतरली, कुणी गोळ्या सोडल्या, याबद्दल एक ओळही नाही.

आणखी एक गोष्ट फसवते. रक्तदाब रोज वरखाली होतो. शिबिरात ज्यांचा जास्त भरला तेच आपण निवडतो, आणि महिन्याने मोजला की काहींचा आपोआप कमी भरतो. श्रेय मात्र कार्यक्रमाला जातं. म्हणून तुलना हवी. न्यूयॉर्कमध्ये कृष्णवर्णीयांच्या 32 चर्चमधले उच्च रक्तदाबाचे 373 जण घेऊन अशी तुलना झाली. काही चर्चमध्ये प्रशिक्षित स्वयंसेवकांनी जीवनशैलीचे वर्ग घेतले, बाकीच्यांत नुसती आरोग्यविषयक माहिती दिली. सहा महिन्यांनी वर्गवाल्यांचा वरचा रक्तदाब 5.79 अंकांनी अधिक उतरलेला होता. नवव्या महिन्यात मात्र हा फरक खात्रीने सांगण्याइतका ठाम उरला नाही. हे त्यांनी लपवलं नाही, याचं मला फार मोल वाटतं.

आपल्याकडे हे जमेल. दोन वाड्यांची दोन देवळं घ्या. कार्यक्रम यंदा कुठे आणि पुढच्या वर्षी कुठे, ते चिठ्ठ्या टाकून ठरवा, म्हणजे कुणीच वंचित राहणार नाही. दोन्हीकडे आधी आणि नंतर तीच मोजमापं घ्या: कंबर, रक्तदाब, तीन महिन्यांची सरासरी साखर, म्हणजे एचबीए1सी. महाप्रसादात मणगणें, म्हणजे चणाडाळ-गुळाची गोड खीर, किती वेळा वाढलं, तेही लिहा. आणि मध्येच यायचं थांबलेल्यांच्या घरी जा. खरी माहिती बहुधा तिथेच मिळते.

तुमच्या देवस्थानात शिबिर ठरत असेल, तर समितीला आधीच विचारा: सहा महिन्यांनी या माणसांच्या दारात कोण जाणार? त्याचं नाव आजच वहीत लिहून घ्या.