बुटीबोरी आल्याशिवाय ओढू नका

श्रोतेहो, नमस्कार. आपल्याकडे विदर्भात मासे म्हटलं की रोहू, कतला, फार तर मरळ. आज मात्र खाऱ्या पाण्यातल्या चपट्या माशाबद्दल बोलायचं आहे, आणि तो कयाकवरून, म्हणजे एकदोन माणसांच्या वल्ह्याच्या नावेतून, गळाने कसा धरतात त्याबद्दल.

परदेशात ज्याला फ्लाउंडर म्हणतात, त्याचे भाऊबंद कोकणातही आहेत. लेप लांबट आणि पातळ. भाकस रुंद, जाड आणि चांगला दातांचा. या कुळातलं पिल्लू जन्मतं तेव्हा त्याचे डोळे चारचौघांसारखे दोन बाजूंना असतात. वाढता वाढता एक डोळा सरकत दुसऱ्याच्या शेजारी येतो आणि मासा कुशीवर आडवा होतो, तो कायमचाच. वरची बाजू वाळूच्या रंगाची, खालची पांढरी. वाळूत अंग पुरून, डोळे तेवढे बाहेर ठेवून तो पडून राहतो.

एवढं लक्षात ठेवा, की तो आमिषामागे फारसा धावत नाही. आमिष त्याच्या तोंडावरून जायला हवं. म्हणून शिसं लावायचं, गळ तळाला टेकवायचा आणि हळूहळू सरपटत आणायचा. तळाला, आणि हळू.

आता किस्सा. माझे साडभाऊ रेल्वेत गार्ड होते. निवृत्त झाले आणि मुलाकडे मालवणला राहायला गेले. आम्ही नागपूर-मडगाव गाडीने निघालो, अख्खा दिवस प्रवास करून कुडाळला उतरलो. (या गाडीत आता कोणी दुसऱ्यापुढे डबा उघडत नाही. आमच्या वेळी भुसावळ येईपर्यंत सहा घरच्या चटण्या चाखून व्हायच्या. असो.) दुसऱ्या दिवशी साडभाऊंनी मला कयाकच्या पुढच्या जागेवर बसवलं, स्वतः मागे बसले आणि आम्ही देवबागच्या संगमाकडे निघालो. तिथे कर्ली नदी समुद्राला मिळते.

ओहोटी नुकतीच लागली होती. थोड्या अंतरावर एक म्हातारेबुवा आपल्या होडीत गळ टाकून बसले होते. साडभाऊंनी बोटाएवढी बोय नावाची मासळी आमिष म्हणून गळाला लावली आणि सोडली. बराच वेळ काही नाही. मग दोरी जड झाली. झटका नाही, हिसका नाही, नुसती जड, ओली गोणी तळाला अडकल्यासारखी. साडभाऊंनी खाडकन ओढली. वर आली ती अर्धी बोय.

होडीतून आवाज आला, "अरे ओढतंस कित्याक? वायच रव मरे! गिळूक दी त्येका, मगे ओढ."

साडभाऊ म्हणाले, "आता काय शंभर मोजू काय, बाप्पा?"

"मोज, नायतर देवाचा नाव घे."

साडभाऊंनी दोन्ही केलं नाही. पुन्हा दोरी जड झाली तशी त्यांनी डोळे मिटले आणि जन्मभर ज्या मार्गावर हिरवा झेंडा दाखवला तो म्हणायला लागले, "नागपूर, अजनी, बुटीबोरी!" आणि ओढली. पुन्हा अर्धी बोय. मी म्हटलं, भाऊ, खापरी आणि गुमगाव कुठे गेलं? तर म्हणतात, "सुपरफास्ट होती." मी म्हटलं, आता पॅसेंजर सोडा.

तिसऱ्यांदा दोरी जड झाली. साडभाऊंनी वल्हं मांडीवर आडवं ठेवलं. "नागपूर..." प्लॅटफॉर्मवर थांबावं तसे थांबले. "अजनी... खापरी..." दोरी जराशी सरकली, त्यांचा अंगठा तिच्यावरून हलला नाही. "गुमगाव..." इथे सिग्नल मिळाला नसावा, बराच वेळ गेला. म्हातारेबुवा आपला गळ विसरून आमच्याकडे बघत होते. "बुटीबोरी!" म्हणत त्यांनी दोरी सरळ, दमाने वर घेतली. तळावरून काहीतरी मोठं, रुंद उलटंपालटं होत आलं, एकदा तपकिरी, एकदा पांढरं. मी जाळी खाली धरली. दीड वितीचा भाकस, दोन्ही डोळे डाव्या अंगाला. भाकसात ते कोणत्याही अंगाला असू शकतात. माझ्या पायांमध्ये तो असा आपटायला लागला, की मी दोन्ही पाय नावेबाहेर काढून बसलो.

"गावलो मां!" म्हातारेबुवा ओरडले. "पण तां गुमगाव खंय इला?" साडभाऊ त्यांना वर्धेपर्यंतची सगळी स्टेशनं सांगत बसले. ओहोटी संपत आली तरी आम्ही सिंदीलाच होतो.

तर श्रोतेहो, दोरी जड झाली की लगेच ओढायचं नाही. थांबायचं, मग ओढायचं. चपटा मासा आधी आमिष दातात धरून पडून राहतो, गिळतो नंतर.

वेळ कमी उरलाय, म्हणून बाकीचं भराभर सांगतो. ओहोटी महत्त्वाची, कारण खाडीतलं पाणी बाहेर पडताना कोळंबी आणि बारीक मासळी सोबत आणतं, आणि हा मासा उताराच्या कडेला त्याचीच वाट बघत असतो. भरतीची वेळ ढोबळमानाने पंचांगावरून काढता येते. तिथीला पाऊणने गुणायचं. चतुर्थीला तीनच्या सुमारास पूर्ण भरती, अष्टमीला सहाच्या. तिथून पुढे साधारण सहा तास ओहोटी. कयाक वीतभर पाण्यातही चालते आणि इंजिनाचा आवाज नसतो, म्हणून उथळ जागी ती सोयीची. पण तीच ओहोटी तुम्हालाही समुद्राकडे ओढत असते, तेव्हा परतीचा दम राखून ठेवा आणि लाइफ जॅकेट अंगातच ठेवा. फोटोसाठी ते काढणाऱ्यांना मी नावेत घेत नाही. पावसाळ्यात तर जाऊच नका.

आणि एक. भाकस हाती लागलाच तर त्याला सावजी मसाला लावू नका. मी सावजीवर वाढलेला माणूस आहे, पण तो मसाला मटणाचा. या माशाला हळद, मीठ, कोकमाचं आगळ आणि वरून तांदळाचं पीठ पुरतं. तवा चांगला तापू द्या, आणि एक बाजू सुटल्याशिवाय उलटू नका. नमस्कार.