हार्वर्डला मासे, क्लार्कसनला काहीच नाही

(पडद्यावर: रिंकचा पांढरा बर्फ. अजून कोरा.)

न्यूयॉर्क राज्यातलं इथाका. तळ्याकाठचं, टेकडीवरचं गाव, आणि त्यात कॉर्नेल विद्यापीठाची लायना रिंक, म्हणजे बर्फावरच्या हॉकीचं बंदिस्त मैदान. 1957 साली सुरू झालेली. जेमतेम सव्वाचार हजार प्रेक्षक मावतात. विद्यार्थ्यांच्या बाजूला बाकं आहेत, पण सामनाभर त्यावर कुणी टेकत नाही. सगळे उभे.

हॉकी म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर हिरवं मैदान येतं, चेंडू येतो. इथे चेंडू नाही. रबराची काळी चकती, तिला म्हणतात पक. पायात स्केट्स, खाली बर्फ.

आज पाहुणे आहेत हार्वर्डचे. दारात सुरक्षारक्षक पोरांचे कोट चाचपून बघतायत. काय शोधतायत? मासे.

(पडद्यावर: निवेदक पाहुण्या खेळाडूंची नावं पुकारतो.)

पाहुण्यांची नावं सुरू झाली की सगळी गॅलरी वर्तमानपत्र उघडून तोंडासमोर धरते. तुम्ही कोण, आम्हाला काय त्याचं! नावं संपली की त्याच कागदांचे बोळे. हा मान येणाऱ्या प्रत्येक संघाला मिळतो. मासे मात्र फक्त हार्वर्डला.

हार्वर्डचे खेळाडू बर्फावर उतरतात आणि वरून एक मासा येतो. मग दुसरा. मग मोजदाद सुटते. चपटे, लांबुळके, डोळे वटारलेले. बर्फावर आपटतात आणि खवल्यांचा ओला पट्टा ओढत घसरत जातात. कर्मचारी फावडी घेऊन धावतात. हे सगळं उरकायचं सामन्याआधीच. खेळ सुरू झाल्यावर काही फेकलं, तर पंच शिक्षा देतात ती यजमानांना, दोन मिनिटं एक खेळाडू कमी. म्हणजे मासा तुमचा, भुर्दंड आपल्याच पोरांना.

हे वैर सुरू कुठून झालं? गोष्ट सांगतात ती 1973 ची. हार्वर्डच्या घरी सामना होता. तिथल्या कुणीतरी कॉर्नेलच्या गोलकीपरवर कोंबडी फेकली. कॉर्नेलमध्ये शेतकी महाविद्यालय आहे ना, म्हणून. तुम्ही शेणामातीतले, तुमची जागा खुराड्यात. इथाकाच्या पोरांनी ते मनात ठेवलं. हार्वर्ड बोस्टनच्या शेजारचं, बोस्टन म्हणजे मासेमारीचं बंदर. परतीच्या सामन्याला हिशोब चुकता झाला.

आता पन्नास वर्षं उलटली. कोंबडी फेकणारा आज आजोबा झाला असेल. मासे थांबलेले नाहीत.

गंमत अशी, की दोन्ही संघांचे रंग लालच. दोन्ही आयव्ही लीगची, म्हणजे अमेरिकेतल्या आठ जुन्या नामांकित विद्यापीठांच्या गटातली, खेळासाठी शिष्यवृत्ती दोन्हीकडे नाही. बाहेरच्याला वाटेल, हे तर भाऊबंद. आणि भाऊबंदकी किती टोकाला जाते, ते तुम्हाला-आम्हाला कुणी शिकवायला नको. 1980 च्या दशकात कॉर्नेलचा माइक शेफर नावाचा बचावपटू होता. हार्वर्डच्या सामन्याआधी त्याचं नाव पुकारलं गेलं, तेव्हा त्याने आपली स्टिक स्वतःच्याच हेल्मेटवर मोडली. गॅलरीला आणखी काय हवं?

हार्वर्डला मात्र या खुन्नसचं तितकंसं नाही. त्यांचं लक्ष असतं फेब्रुवारीतल्या बीनपॉटवर. बोस्टनच्या चार संघांची ती घरची स्पर्धा.

(पडद्यावर: नकाशा. बारा ठिपके.)

कॉर्नेल आणि हार्वर्ड खेळतात ती ईसीएसी हॉकी, बारा विद्यापीठांच्या संघांची कॉन्फरन्स, म्हणजे साखळी गट. प्रत्येकाशी दोनदा गाठ, म्हणजे 22 सामने. शुक्रवारी एकाशी, शनिवारी दुसऱ्याशी, मधला वेळ बसमध्ये. यातला उत्तरेकडचा हा ठिपका बघा. पॉट्सडॅम. क्लार्कसन विद्यापीठ.

1970. प्रशिक्षक नेड हार्कनेस यांचा कॉर्नेल संघ एकही सामना न हरता, एकही बरोबरीत न सोडता राष्ट्रीय अंतिम फेरीत पोचला. ठिकाण न्यूयॉर्क राज्यातलंच लेक प्लॅसिड गाव. समोर क्लार्कसन. शेवटच्या सत्रात डॅन लोडबोआ या बचावपटूने एकट्याने तीन गोल केले. बचावपटूने! निकाल 6-4. हंगामाचा हिशोब 29 सामने, 29 विजय. पुरुषांच्या सर्वोच्च श्रेणीत राष्ट्रीय विजेत्याचा असा निष्कलंक हंगाम त्यानंतर कुणाला जमलेला नाही.

स्टिक मोडणारा तो शेफर पुढे कॉर्नेलचा प्रशिक्षक झाला आणि तीस हंगाम टिकला. 2025 च्या मार्चमध्ये, निरोपाच्या हंगामात, त्याने संघाला कॉन्फरन्सचं विजेतेपद मिळवून दिलं. गाव पुन्हा लेक प्लॅसिड. समोर पुन्हा क्लार्कसन.

म्हणजे या दोन्ही मोठ्या दिवशी आडवा आला क्लार्कसन, हरला क्लार्कसन, आणि शिव्या खातो हार्वर्ड. मला विचाराल तर हार-जितीने हाडवैर होत नाही. कुणीतरी तुम्हाला गावंढळ म्हणावं लागतं. क्लार्कसनने कॉर्नेलला घाम फोडला असेल, पण त्याच्या नावावर कोंबडी नाही.

(पडद्यावर: रात्र. बर्फ पडतोय. लायनाच्या दारात बस थांबते.)

पॉट्सडॅमची बस आली आहे. खेळाडू खांद्यावर बॅगा टाकून उतरतायत. दारात पोरांची रांग आहे, काखेत वर्तमानपत्रं आहेत.

कोट कुणी चाचपत नाही.