कॅसेट जपानची, कुलूप अमेरिकेचं

[दृश्य: जुना टीव्ही. पडद्यावर हिरवं जंगल, बंदूक घेऊन धावणारे दोन उघडेबंब शिपाई.]

नव्वदच्या दशकात ज्यांच्या घरी टीव्हीला व्हिडिओ गेम जोडलेला होता, त्यांना कॉन्ट्रा वेगळा सांगायला नको. जंगल, धबधबा, आणि वर-वर-खाली-खाली करून मिळवलेले ३० जीव. पण एक सांगा, तुम्ही नेमका कुठला कॉन्ट्रा खेळलात?

कारण कॉन्ट्रा एक नव्हता. कोनामी या जपानी कंपनीनं १९८८ मध्ये निन्टेंडोच्या जपानी यंत्रासाठी, म्हणजे फॅमिकॉमसाठी, काढलेल्या कॉन्ट्रात झाडांची पानं वाऱ्यावर डोलतात. बर्फाच्या टप्प्यात खरोखर बर्फ पडतो. दोन टप्प्यांच्या मध्ये बेटाचा नकाशा येतो, आता कुठे जायचंय ते दाखवतो. त्याच वर्षी अमेरिकेत आलेल्या कॉन्ट्रात पानं जागच्या जागी थिजलेली आहेत, बर्फ थांबलाय, नकाशा नाहीच. जपानी कॅसेटमध्ये कोनामीनं स्वतः बनवलेली चिप होती. अमेरिकेत कॅसेट बनवायचा हक्क निन्टेंडोनं स्वतःकडे ठेवला होता, तिथे बाहेरच्या कंपनीची चिप चालत नव्हती. आणि युरोप? तिथे तर शिपाईच गायब झाले. जर्मनीतल्या हिंसेबाबतच्या कडक नियमांमुळे माणसांच्या जागी यंत्रमानव आले, आणि गेमचं नाव झालं प्रोबोटेक्टर.

ज्या अमेरिकन पोराला कुठल्याशा मासिकात हलणारी पानं दिसली, त्याच्या मनात एकच गोष्ट आली असणार: मला तो जपानवाला पाहिजे. परदेशी गेम मागवण्याचा नाद इथूनच लागतो.

[दृश्य: लाल-पांढरा फॅमिकॉम. शेजारी राखाडी रंगाचा, व्हीसीआरसारखा दिसणारा एनईएस.]

फॅमिकॉम, म्हणजे फॅमिली कॉम्प्युटर, जपानमध्ये १५ जुलै १९८३ ला आला. किंमत १४,८०० येन. निन्टेंडोच्या मासायुकी उएमुरा यांनी त्याची रचना केली. त्याच वर्षी अमेरिकेत व्हिडिओ गेमचा धंदा साफ बसला होता. दुकानं भरून कचरा गेम पडले होते आणि खेळणीवाले या वस्तूला हात लावायला तयार नव्हते. म्हणून १९८५ च्या ऑक्टोबरमध्ये न्यूयॉर्कला हेच यंत्र एनईएस या नावानं आलं ते वेगळ्या कपड्यांत: मोठा राखाडी डबा, कॅसेट समोरून आत सरकवायची. पण मोठा बदल डब्याच्या आत होता.

एनईएसमध्ये एक छोटी चिप होती, आणि तिची जोडीदार प्रत्येक अधिकृत कॅसेटमध्ये. यंत्र सुरू केलं की दोघी आपापसात बोलायच्या. खूण पटली तर गेम सुरू. नाही पटली, तर यंत्र दर सेकंदाला स्वतःला पुन्हा सुरू करत राहायचं आणि पडदा नुसता उघडझाप करायचा. यामुळे कुठली कंपनी अमेरिकेत गेम विकणार आणि वर्षाला किती, हे ठरवणं निन्टेंडोच्या हातात आलं. सर्वसाधारण मर्यादा होती वर्षाला पाच. पुढे युरोपात या चिपच्या वेगळ्या जाती आल्या. ब्रिटन-इटलीची वेगळी, फ्रान्स-जर्मनीची वेगळी. एका खंडात दोन कुलपं!

शिवाय फॅमिकॉमच्या कॅसेटला ६० पिना, एनईएसच्या कॅसेटला ७२. म्हणजे चिपचा प्रश्न सोडा, जपानी कॅसेट अमेरिकन यंत्रात बसतच नाही.

आता यातली मजा बघा. अमेरिकेत सुरुवातीला माल कमी पडू नये म्हणून निन्टेंडोनं काही एनईएस कॅसेटच्या मोठ्या खोळीत चक्क जपानी फॅमिकॉमचा सर्किट बोर्ड भरला होता. मध्ये ६० चं ७२ करणारा एक जोड, आणि त्या जोडावर ती चिपसुद्धा. जायरोमाइट नावाच्या गेमच्या जुन्या कॅसेटी यासाठी प्रसिद्ध आहेत. हे गुपित फुटल्यावर हौशी लोक जुन्या मालाच्या दुकानात जाऊन जायरोमाइट हातात तोलून बघू लागले. जड लागली की घ्यायची, घरी नेऊन स्क्रू काढायचे, आतला जोड बाहेर ओढायचा. झालं! निन्टेंडोनं स्वतःच्या कुलपाची किल्ली स्वतःच विकली होती, तीही एका सुमार गेमच्या पोटात घालून. ज्यांना एवढाही खटाटोप नको होता, त्यांनी यंत्र उघडून चिपची चौथी पिन कापली. चिप गप्प, पडद्याची उघडझाप बंद.

पुढच्या पिढीत, सुपर निन्टेंडोमध्ये, जपानी कॅसेट अमेरिकन यंत्रात जाऊ नये म्हणून खाचेत प्लॅस्टिकचे दोन दात ठेवले होते. बाकी आतलं बरंचसं सारखंच. एका पकडीनं ते दात मोडले की काम तमाम. कंपन्या ‘तांत्रिक अडचण’ म्हणतात तेव्हा मला हे दोन दात आठवतात.

[दृश्य: तीच कॉन्ट्राची कॅसेट, पिवळी. स्टिकर अर्धा निघालेला.]

आणि आपण? आपल्याकडे ही भानगड फिरकलीच नाही, कारण आपल्या घरांत पोहोचलेली बहुतेक यंत्रं फॅमिकॉमच्या नकला होती. जपानच्या मूळ फॅमिकॉममध्ये ती खूण पटवणारी चिप नव्हतीच, त्यामुळे नक्कल करणं सोपं. खाच ६० पिनांची, म्हणजे अस्सल जपानी पद्धतीची. सांगलीतलं एखादं पोर ‘९९९९ इन १’ लावून बसायचं तेव्हा, परवाना आणि कायदा बाजूला ठेवला तर, ते जपानी यंत्रावरच खेळत होतं. अमेरिकेतल्या शौकिनाला ज्यासाठी स्क्रू काढावे लागत, ते इथे जत्रेतल्या दुकानात टांगलेलं असायचं.

[दृश्य: दोन टीव्ही शेजारी शेजारी, एकच गेम. डावीकडचा पुढे निघून जातो.]

युरोपचं दुखणं निराळंच होतं. तिथे टीव्ही पॅल पद्धतीचे, सेकंदाला ५० वेळा चित्र उमटवणारे. जपान-अमेरिकेत ६० वेळा. त्या काळातले गेम घड्याळ बघून चालत नसत, चित्रं मोजून चालत. त्यामुळे नीट जुळवून न घेतलेला जपानी गेम युरोपात सहाव्या हिश्शानं हळू धावायचा. संगीतही तेवढंच रेंगाळायचं आणि चित्राच्या वर-खाली काळ्या पट्ट्या यायच्या. वेगासाठी नावाजलेला सेगा कंपनीचा सोनिक तिथे हळू पळत होता, आणि बहुतेकांना हे ठाऊकच नव्हतं, कारण दुसरा सोनिक त्यांनी पाहिलाच नव्हता. ज्यांनी ब्रिटिश मासिकांतल्या जाहिराती वाचून जपानी मेगा ड्राइव्ह, म्हणजे सोनिक चालतो ते यंत्र, मागवला, त्यांना फरक पहिल्याच मिनिटात कळला.

मग सीडीचा जमाना आला. पहिल्या प्लेस्टेशनच्या डिस्कवर सुरुवातीच्या भागात सोनीनं मुद्दाम एक सूक्ष्म थरथर कोरली होती, आणि त्या थरथरीत चार अक्षरं लपवली होती. जपानसाठी एससीईआय, अमेरिकेसाठी एससीईए, युरोपसाठी एससीईई. घरच्या सीडी रायटरला ही थरथर कोरता येत नाही. म्हणजे सोनीनं एका दगडात दोन पक्षी मारले: नकली डिस्क आणि परदेशी डिस्क, दोघींना एकच अडसर.

आयात करणाऱ्यांची खरी पंचाईत इथे झाली. यंत्रात जी मॉडचिप बसवली जायची, ती हीच अक्षरं यंत्राच्या कानात सांगायची. टोकियोहून खरे पैसे मोजून डिस्क मागवणाराही तीच चिप बसवत होता, आणि फुटपाथवरची कॉपी घेणाराही तीच. आपल्या बाजारात ‘चिपवाला’ प्लेस्टेशन कशासाठी घेतला जायचा, हे वेगळं सांगायची गरज नाही; जपानी गेमसाठी तर नक्कीच नाही. चाहत्यांच्या गोष्टी सांगताना हा भाग बहुधा गाळला जातो. गाळू नये. सोनीनं दोन्ही गोष्टी एकाच कुलपात अडकवल्या, आणि कुलूप तोडणारेही सगळे सारख्या मनाचे नव्हते.

[दृश्य: गेम बॉय ॲडव्हान्सची छोटी कॅसेट, हाताच्या तळव्यावर.]

कुलूपच नसेल तर? निन्टेंडोच्या गेम बॉय ॲडव्हान्सला प्रादेशिक अडसर नव्हता. कुठलीही कॅसेट कुठेही चालायची. २० एप्रिल २००६ ला जपानमध्ये त्यावर मदर ३ आला. लेखक शिगेसातो इतोई, जाहिरातींच्या ओळी लिहिणारा नावाजलेला माणूस. या मालिकेचा दुसरा गेम १९९५ मध्ये अर्थबाउंड या नावानं अमेरिकेत आला होता. ‘हा गेम वास मारतो’ अशा अर्थाची जाहिरात, सोबत खरवडून हुंगायचे वासाचे स्टिकर. कल्पना कुणाची होती कोण जाणे. गेम फारसा खपला नाही. पण ज्यांनी खेळला, ते त्याचे भक्त झाले. तिसऱ्यासाठी त्यांनी सह्या गोळा केल्या, पत्रं लिहिली, फोन केले. अमेरिकेत तो आला नाही.

मग त्यांनी जपानहून कॅसेट मागवल्या. यंत्रात घातल्या, चालल्या. पण हा गेम म्हणजे कुटुंब, मरण, भावाभावांचं नातं यांची लांबलचक गोष्ट. सगळी जपानीत. न कळता पुढे जाता येतं, पण मग खेळायचं कशाला?

क्लाइड मँडेलिन हे पेशानं जपानी-इंग्रजी अनुवादक. त्यांच्याभोवती चाहत्यांची तुकडी जमली. अनुवाद हा कामाचा एक भाग झाला. उरलेलं काम म्हणजे जपानी अक्षरांसाठी बेतलेल्या खिडकीत इंग्रजी वाक्यं बसवायची, आणि त्यासाठी गेमचा कोड आतून उसवायचा. १७ ऑक्टोबर २००८ ला त्यांचा पॅच बाहेर आला, फुकट. त्यात गेम नव्हता, फक्त बदल होते. गेम तुमचा तुम्ही आणायचा. पहिल्या आठवड्यात एक लाखावर लोकांनी तो उतरवून घेतला. २०१३ मध्ये मँडेलिन यांनी आपला सगळा अनुवाद निन्टेंडोला विनामूल्य देऊ केला. २०२४ च्या फेब्रुवारीत मदर ३ निन्टेंडोच्या स्विच ऑनलाइन सेवेत आला तोही फक्त जपानमध्ये.

[दृश्य: वी कन्सोल. पडद्यावर ‘ही डिस्क वाचता येत नाही’ अशा अर्थाचा संदेश.]

अनुवाद करावा लागतो म्हणून गेम आणत नाही, ही भाषेची सबब पुरती उघडी पडली ती निन्टेंडोच्या वी या यंत्राच्या वेळी. मोनोलिथ सॉफ्टचा झेनोब्लेड क्रॉनिकल्स २०१० मध्ये जपानमध्ये आला आणि ऑगस्ट २०११ मध्ये युरोपात. इंग्रजीत. अस्सल ब्रिटिश आवाजांत. निन्टेंडोच्या अमेरिकेतल्या शाखेनं मात्र आणायचा बेत नसल्याचं सांगितलं. आणि वीला प्रादेशिक कुलूप, म्हणजे लंडनहून आणलेली इंग्रजी डिस्क न्यूयॉर्कच्या वीला चालणार नाही. आता काय सांगणार होते, इंग्रजांचं इंग्रजी अमेरिकनांना कळत नाही म्हणून?

चाहत्यांनी ऑपरेशन रेनफॉल नावाची मोहीम काढली. मागणी तीन गेमची: झेनोब्लेड, द लास्ट स्टोरी, पँडोराज टॉवर. ॲमेझॉनवर झेनोब्लेडच्या जुन्या नावाचं एक पान पडून होतं. २०११ च्या जूनमध्ये चाहत्यांनी त्यावर आगाऊ ऑर्डरींचा पाऊस पाडला, आणि अमेरिकेत येण्याची तारीखही न ठरलेला गेम तिथल्या गेमच्या यादीत पहिला आला. हे मला शिव्या घालण्यापेक्षा फार हुशारीचं वाटतं. धंदेवाल्याशी त्याच्याच भाषेत बोलणं. एप्रिल २०१२ मध्ये झेनोब्लेड अमेरिकेत आला. उरलेले दोन एक्ससीड या छोट्या कंपनीनं आणले. मोहिमेमुळेच आले का? निन्टेंडोनं तसं कधी कबूल केलं नाही. पण आज झेनोब्लेड ही निन्टेंडोची मोठी मालिका आहे.

[दृश्य: जगाचा नकाशा. २१ देश हिरवे, बाकी सगळं करडं.]

२०१३ मध्ये मायक्रोसॉफ्टनं एक्सबॉक्स वन दाखवला, तेव्हा सांगितलं की सुरुवातीला तो २१ देशांतच चालेल आणि गेमवर प्रादेशिक बंधनं असतील. त्या २१ मध्ये भारत नव्हता, जपानही नव्हता. पोलंड नव्हता, आणि द विचर ३ हा त्या यंत्रावरचा बहुचर्चित गेम वॉर्सात बनत होता! बनवणाऱ्यांना स्वतःचा गेम स्वतःच्या देशात रीतसर खेळता येणार नव्हता. गदारोळ झाला. १९ जूनला कंपनीनं माघार घेतली आणि हे बंधन निघालं. २०१७ मध्ये निन्टेंडोचा स्विच आला तो कुलुपाविनाच.

वाटलं, संपलं.

५ जून २०२५ ला स्विच २ आला. जपानमध्ये तेव्हा त्याच्या दोन आवृत्त्या. एक ४९,९८० येनची: पडद्यावर भाषा फक्त जपानी, आणि जोडता येतं तेही फक्त जपान हा देश नोंदवलेलं खातं. दुसरी ६९,९८० येनची: सगळ्या भाषा, सगळी खाती, विक्री फक्त निन्टेंडोच्या स्वतःच्या ऑनलाइन दुकानातून. तेव्हा येन घसरलेला, अमेरिकेत किंमत ४५० डॉलर. स्वस्त जपानी यंत्र बाहेर गेलं असतं तर गिऱ्हाइकाचे सुमारे १०० डॉलर वाचले असते, आणि जपानी मुलांसाठी दुकानं रिकामी झाली असती. या वेळी निन्टेंडोची बाजू मला पटते. स्वतःच्या देशातल्या गिऱ्हाइकाला परवडेल अशी किंमत ठेवायची तर कुठेतरी कुंपण लागणारच.

भारतात निन्टेंडोचं अधिकृत दुकान नाही. इथे येणारा प्रत्येक स्विच कुणाच्या तरी बॅगेतून किंवा आयातदाराच्या खोक्यातून येतो. त्यामुळे लॅमिंग्टन रोडवर किंवा ऑनलाइन एखादा स्विच २ फारच स्वस्तात दिसला, तर पैसे काढायच्या आधी खोक्यावर ‘जपानी भाषा, देशांतर्गत वापरासाठी’ असं छापलंय का ते बघा. या कुलपाला पकड चालत नाही.