सायपायच्या पोटातलं फोर्ट्रान

[टर्मिनल, अगदी जवळून. लॉग वर सरकतो आहे.]

निवेदन: आज्ञा तीन शब्दांची आहे. पिप इन्स्टॉल सायपाय. पिप हे पायथन भाषेची पॅकेजं बसवणारं साधन, आणि सायपाय हे वैज्ञानिक गणिताचं पॅकेज. एरवी चहा गाळेपर्यंत काम उरकतं. या मशीनवर मात्र पायथन नवं आहे आणि प्रकल्पाला हवी ती सायपाय जुनी. या जोडीसाठी तयार पॅकेज पायपीआय या ऑनलाइन भांडारात नाही, म्हणून पिपने सोर्स कोड उतरवून घेतला आणि त्यातून पॅकेज बांधण्याचं काम, म्हणजे बिल्ड, इथेच सुरू केलं. आता लॉग थांबला. शेवटची ओळ वाचा: अननोन कंपायलर. पुढे नाव आहे, जीफोर्ट्रान. म्हणजे फोर्ट्रान या जुन्या भाषेतला कोड मशीनला चालवता येईल अशा रूपात आणणारा कंपायलर.

[एडिटरमध्ये उघडलेली फाइल. कर्सर वरच्या टिपणावर.]

पॅकेज पायथनचं, आणि अडलं फोर्ट्रानपाशी. कारण या फाइलीत आहे. डीक्यूएजीएसई डॉट एफ, इंटिग्रेशनची गणितं सोडवणारी. टिपणात लिहिल्याची तारीख पाहा: 800101. म्हणजे 1 जानेवारी 1980. खाली रॉबर्ट पीसेन्स यांचं नाव आणि बेल्जियममधलं लूव्हेन विद्यापीठ. हे क्वाडपॅक, इंटिग्रेशनच्या अशा फोर्ट्रान फाइलींचा संच.

2001 मध्ये ट्रॅव्हिस ऑलिफंट, एरिक जोन्स आणि पिअरू पीटरसन यांनी सायपाय उभं केलं, तेव्हा असा वर्षानुवर्षं पारखलेला कोड नव्याने लिहिण्याची गरज नव्हती. पीटरसन यांच्या एफटूपाय या साधनामुळे फोर्ट्रानची सबरूटीन, म्हणजे कोडचा तयार तुकडा, थेट पायथनमधून वापरता येऊ लागली. वर पायथन, खाली सी, सी प्लस प्लस, सायथन आणि फोर्ट्रान. शिवाय मॅट्रिक्सच्या हिशेबाला ओपनब्लास ही लायब्ररी, म्हणजे तयार कोडचा संच, लागते, ते वेगळंच.

[मेसॉन डॉट बिल्ड फाइल, ओळीमागून ओळ.]

एवढ्या भाषांना एका माळेत ओवायचं कोणी? बरीच वर्षं हा भार डिस्टयुटिल्स या पायथनसोबत येणाऱ्या बांधणीच्या साधनावर होता. ते पायथनच्या स्वतःच्या मॉड्युलांसाठी घडवलेलं. फोर्ट्रान चालावं म्हणून नमपाय या आकडेमोडीच्या पॅकेजने त्यावर आपली मोठी जोड चढवली होती. पायथन 3.12 मधून, 2023 च्या ऑक्टोबरमध्ये, डिस्टयुटिल्स निघून गेलं. सायपायच्या मंडळींनी त्याआधीच हालचाल केली होती: 2022 च्या जुलैत आलेली 1.9.0 ही आवृत्ती मेसॉनवर बांधलेली होती. मेसॉन हे बांधणीचं साधन म्हणजे फिनलंडच्या युसी पाक्कानेन यांचं काम. कोणती फाइल कोणत्या कंपायलरकडे जाईल, कशाआधी काय बांधायचं, हे या ओळींमध्ये उघड लिहिलेलं दिसतं. पडद्यावर दिसणारी प्रत्येक ओळ कुणीतरी हाताने लिहिली आहे, आणि हे काम नव्या फीचरच्या बातमीत कधी येत नाही.

[व्हील फाइल अनझिप होते. फोल्डर उघडतो.]

जिथे तयार पॅकेज मिळतं, तिथे ही मेहनत दुसऱ्या कुणीतरी आधीच केलेली असते. त्या पॅकेजला व्हील म्हणतात. मुळात ती झिप फाइलच. उघडू या. हा सायपाय डॉट लिब्ज नावाचा फोल्डर. आत ओपनब्लास आणि फोर्ट्रानची लायब्ररी लिबजीफोर्ट्रान. नावापुढची अक्षरं पाहा: 040039e1. दुसऱ्या पॅकेजने आणलेल्या याच नावाच्या लायब्ररीशी टक्कर होऊ नये म्हणून ऑडिटव्हील हे साधन असा हॅश, म्हणजे फाइलीच्या मजकुरावरून काढलेला ठसा, जोडतं. आणि लिनक्सच्या शेकडो प्रकारांवर एकच व्हील चालावं यासाठी 2016 मध्ये मेनीलिनक्सचा नियम ठरला: बांधायचं जुन्या लिनक्सवर, चालवायचं नव्यावर. पहिल्या नियमाचा पाया होता सेंटओएस 5.

[मेटाडेटा फाइल. एक ओळ ठळक.]

आता व्हीलमधली ही पॅकेजच्या माहितीची फाइल रनटाइम डिपेंडन्सी म्हणून, म्हणजे चालवताना आणखी काय लागतं म्हणून, काय सांगते? नमपाय. बस्स. ओपनब्लासचा उल्लेख नाही, फोर्ट्रानचा नाही. नमपायच्या व्हीलमध्ये ओपनब्लासची आणखी एक प्रत असते, तिचंही नाव या यादीत येत नाही. पायथनचा पॅकेज मॅनेजर पायथनपुरतंच पाहतो. 2012 पासूनच्या कॉन्डा या दुसऱ्या पॅकेज मॅनेजरने कंपायलर आणि लायब्ररी यांनाही पॅकेज मानलं, त्यामुळे तिथे हे सगळं यादीत येतं.

पोटातल्या अशा लायब्ररीत सुरक्षेचं छिद्र सापडलं, तर व्हील बांधणारा नवी आवृत्ती काढेपर्यंत वापरणाऱ्याच्या हातात फारसं काही नसतं.

[पेप 725 चा मजकूर. मग पुन्हा टर्मिनल.]

2023 मध्ये पेप 725 हा पायथनमधल्या बदलाचा प्रस्ताव मांडला गेला. पायप्रोजेक्ट डॉट टॉमल या पॅकेजच्या बांधणीची माहिती देणाऱ्या फाइलीत पायथनबाहेरच्या गरजाही लिहाव्यात, असं तो म्हणतो: सीचा कंपायलर हवा, फोर्ट्रानचा हवा, अमुक लायब्ररी हवी. प्रत्येक पॅकेजने ही यादी द्यायला हवी, आणि जे लोक ती तयार ठेवतात त्यांच्या वेळेचे पैसेही कुणीतरी मोजायला हवेत. आपण सुरुवात केली त्या मशीनवर फोर्ट्रानचा कंपायलर बसवला आणि आज्ञा पुन्हा दिली. पुढची ओळ आली: डिपेंडन्सी ओपनब्लास नॉट फाउंड.