मुरूम, माकडशिंग आणि निजलेली बाग

(माणदेशातल्या बागप्रेमींसमोर फाल्गुनात दिलेल्या व्याख्यानाचं शब्दांकन)

मंडळी, गेल्या आठवड्यात एका ताईंनी मला फोटो पाठवला. सोनेरी काट्यांचा, चेंडूसारखा गोल निवडुंग, एका बाजूनं खचलेला. खाली लिहिलं होतं, "रोज थोडंथोडं पाणी घालत होते, तरी वाळला." मी त्यांना फोन केला आणि म्हटलं, ताई, काटे सांभाळून जरा बोटानं दाबून बघा. बोट आत गेलं. निवडुंग वाळला नव्हता, सडला होता.

ही चूक मीही केली आहे, आणि त्यांच्यापेक्षा मोठी केली आहे. माझं घर माळावर आहे. हातभर खणलं की मुरूम लागतो. घर बांधून झाल्यावर मला वाटलं, बाग करायची तर माती चांगली हवी. म्हणून ओढ्याकाठची काळी माती सहा ट्रॉल्या आणून टाकली आणि तिच्यात तीस निवडुंग लावले. जून कोरडा गेला, जुलै कोरडा गेला, झाडं टुमटुमीत होती. आपल्याकडचा पाऊस तुम्हाला ठाऊक आहे. महाबळेश्वरला वर्षाकाठी सहा हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि तिथून शंभरेक किलोमीटरवर आपल्याला पाचशेसुद्धा पडताना मारामार. पण आपला पाचशे मिलिमीटर पाऊस चार महिन्यांत वाटून पडत नाही. त्याचा मोठा वाटा परतीच्या पावसात, उत्तरा-हस्तात येतो, आणि येतो तेव्हा दोन-तीन दिवसांत शेतं तुंबवून जातो. त्या वर्षी तसाच आला. दिवाळीला मी मोजले तेव्हा तीसपैकी अकरा निवडुंग उरले होते.

त्याच वेळी कुंपणाच्या कोपऱ्यात पाया खणताना निघालेल्या मुरमाचा ढीग तसाच पडून होता. कुंडीतून काढून फेकलेला निवडुंगाचा एक तुकडा त्या ढिगावर मूळ धरून उभा राहिला होता, आणि त्याच्या शेजारी आपलं आपण माकडशिंग, म्हणजे मांसल खोडाचं, जवळपास बिनपानांचं आपलं रानटी झाड, उगवलं होतं. तो ढीग बघत मी बराच वेळ उभी राहिले. मी पैसे देऊन आणलेल्या मातीत झाडं मेली होती आणि टाकून दिलेल्या मुरमात जगली होती.

काळ्या मातीचा कण अगदी बारीक. ती पाणी पिऊन फुगते, ते धरून ठेवते आणि सुकली की भेगाळते. ज्वारीला, करडईला हे फार मानवतं, रब्बीचं पीक त्या धरलेल्या ओलीवरच निघतं. निवडुंगाच्या मुळांना मात्र ओलीइतकीच हवाही लागते. आठ दिवस माती चिंब राहिली की मुळं गुदमरतात, बुरशी शिरते आणि सड खोडात चढते. मुरूम म्हणजे कुजलेला काळा दगडच. पाणी त्याच्यातून झिरपतं आणि भेगांत थोडीशी ओल मागे राहते. डोंगरउतारावरच्या आपल्या रानटी झाडांना तेवढी ओल पुरते.

म्हणून बागेची सुरुवात रोपवाटिकेत करू नका, खड्ड्यापासून करा. फूटभर खोल खड्डा खणा, पाण्यानं भरा, ते जिरू द्या आणि पुन्हा भरा. दुसऱ्यांदा भरलेलं पाणी तास-दोन तासांत उतरलं तर जमीन चांगली. दुसऱ्या दिवशीही तळाला पाणी दिसलं तर तिथं खाली खणू नका, वर चढा. फूट-दीड फूट उंचीचा मुरमाचा उंचवटा करा. मी दोन घमेली चाळलेला मुरूम, एक घमेलं जाड वाळू किंवा बारीक खडी आणि एक घमेलं पोयट्याची माती असं मिसळते. शेणखत मूठभर, तेही जुनं. उंचवट्याला एका बाजूला उतार ठेवायचा आणि झाडाच्या बुंध्याभोवती पालापाचोळा न घालता खडी पसरायची. खडीमुळे पावसाचं पाणी बुंध्याशी थांबत नाही. पालापाचोळा देशी झुडपांना घाला, त्यांना तो आवडतो.

आता हे निवडुंग इतकं कमी पाणी कसं वापरतं, याबद्दल बोलते, कारण हा भाग मला स्वतःला फार आवडतो. बहुतेक झाडं दिवसा पानांची छिद्रं उघडून हवा घेतात आणि त्याच छिद्रांतून त्यांचं पाणी उडून जातं. निवडुंग ही छिद्रं रात्री उघडतं. हवेतला कार्बन डायऑक्साइड रात्री आत घेऊन आम्लाच्या रूपात साठवतं आणि दिवसा छिद्रं मिटून, उन्हाच्या जोरावर त्याचं अन्न करतं. हे बघायला प्रयोगशाळा लागत नाही. आपल्या पानफुटीतही हेच चालतं. बेंजामिन हाईन नावाचे वनस्पतिशास्त्रज्ञ दक्षिण भारतात काम करत होते. त्यांना पानफुटीचं पान सकाळी आंबट लागलं, दुपारी बेचव लागलं आणि संध्याकाळी किंचित कडसर. त्यांनी हे लंडनच्या लिनियन सोसायटीला कळवलं आणि १८१५ साली ते छापून आलं. आपल्याच देशात जिभेनं लागलेला शोध आहे हा. उद्या पहाटे पानफुटीचा चिमूटभर तुकडा चावून बघा, दुपारी पुन्हा बघा. फक्त चावून थुंकून टाका, गिळू नका, आणि गुराढोरांना ते पान घालू नका, त्यांना ते विषारी ठरतं.

निवडुंग हा आपला शब्द मोठा ऐसपैस आहे. त्रिधारीही निवडुंग, फड्याही निवडुंग. पण ही दोन वेगळी घराणी आहेत. फड्या, चेंडूसारखे गोल, उंच खांबासारखे, ही सगळी खऱ्या निवडुंगांची जात अमेरिका खंडांतली. त्रिधारी, थोर, शेर हे एरंडाच्या कुळातले. उन्हानं आणि कोरडीनं दोन्ही घराण्यांना एकाच साच्यात घातलं, इतकंच. ओळखायचं कसं? खऱ्या निवडुंगाचे काटे लोकरीच्या बारक्या गादीतून झुबक्यानं येतात. त्रिधारीला तशी गादी नसते, आणि खरचटलं की पांढरा चीक वाहतो. हा चीक डोळ्यांत गेला तर फार वाईट. शेराची फांदी तोडून मुलांच्या हातात देऊ नका, आणि छाटणी करताना डोळ्यांवर चष्मा हवा म्हणजे हवाच.

फड्याची गोष्ट मात्र थांबून सांगायला हवी. लाल रंगासाठी मेक्सिकोत एक किडा फड्यावर वाढवत. त्या रंगाचा व्यापार स्पेनच्या हातात होता आणि ईस्ट इंडिया कंपनीला तो हवा होता. म्हणून कंपनीच्या अमदानीत फड्याच्या लागवडीला चालना दिली गेली आणि १७९५ साली ब्राझीलमधून किडा आणला गेला. तो निघाला चुकीचा. रंग म्हणावा तसा मिळाला नाही, पण किड्यानं फड्याची एक जात मात्र भराभर खाऊन टाकली. पुढे १८३६ ते १८३८ या काळात तोच किडा मुद्दाम दक्षिण भारतात नेऊन सोडला गेला. तणाचा नायनाट करायला किडा वापरण्याचं जगातलं हे पहिलं यशस्वी उदाहरण मानतात. त्यानं न खाल्लेल्या जाती तोवर रानोमाळ पसरल्या होत्या. त्यांच्यासाठी १९२६ साली श्रीलंकेतून दुसरा किडा आला. माझी आजी सांगायची, गावाभोवती फड्याची भिंत होती, माणूस आत शिरू शकत नसे, आणि एका काळात ती भिंत पांढरी पडली आणि कोसळली. तिला कारण ठाऊक नव्हतं. लाल बोंडं राखेत लोळवून काटे झाडायचे आणि मग खायची, जीभ लालभडक व्हायची, हे तिला नीट आठवायचं.

आजही तुमच्या फड्यावर कापसासारखा पांढरा पुंजका दिसला तर काडीनं चिरडून बघा. लाल रंग निघाला तर तो याच घराण्यातला किडा. जुन्या दात घासायच्या ब्रशनं साबणाचं पाणी लावून घासून काढा. साधा पिठ्या ढेकूणही असाच पांढरा दिसतो, त्यालाही हाच उपाय.

ही गोष्ट सांगण्याचं कारण असं की कमी पाण्यावर जगणारं प्रत्येक झाड बागेत घेण्याजोगं नसतं. वेडी बाभूळ कमी पाण्यावर जगते, घाणेरीही जगते. त्या दोघींनी आपली गायरानं आणि माळ कसे गिळले ते आपण रोज बघतो. बाहेरून झाड आणताना ते आपोआप किती पसरतं, हा पहिला प्रश्न विचारा. कुंपणाला फड्या लावायची हौस असेल तर मी आवरा म्हणेन.

मग लावायचं काय? माझं पहिलं नाव तरवड. शेळी त्याला तोंड लावत नाही, एकदा रुजला की पाणी घालावं लागत नाही आणि फुलला की पिवळाधमक. गावोगावी तो गटाराकाठी उभा असतो म्हणून आपल्याला त्याचं मोल नाही. तेलंगणानं त्याला राज्यफूल केलंय. सोलापुरातली तेलुगू घरं बतुकम्माच्या सणाला हीच फुलं रचतात. त्याच्यावर फिकट पांढरी-हिरवी फुलपाखरं अंडी घालतात आणि अळ्या पानं खातात. खाऊ द्या, पाऊस पडला की पानं परत येतात. बी मात्र कडक असतं. खरखरीत दगडावर थोडं घासून, रात्रभर भिजवून मृगात टोचायचं.

दुसरं नेपती. पानं जवळजवळ नाहीतच, नुसत्या हिरव्या काड्या, आणि ऐन उन्हात विटकरी-लाल फुलं. तिसरी पिवळी कोरांटी. कुंपणावर चढवायला वाघाटी, म्हणजे आषाढी द्वादशीला फळंही घरचीच. सावलीच्या कडेला चित्रक आणि शतावरी. जागा मोठी असेल तर हिवर किंवा हिंगणबेट एखादं. आणि गवत, मंडळी, गवत विसरू नका. सोलापूरजवळ नान्नजला माळढोकाच्या अभयारण्यात गेलात तर खाली बघा. मारवेल, पवन्या, कुसळी. कुसळीचं कुसळ ओल लागली की पीळ उलगडतं, सुकलं की पुन्हा पीळ घालतं आणि असं करत बी जमिनीत रोवतं. उंचवट्याच्या पायथ्याशी गवताचे दहा ठोंब लावले तर मुरूम वाहून जात नाही आणि वाऱ्यावर बाग हलती दिसते.

आता शिवसुमन. शिवनेरीच्या कड्यांवर आणि सह्याद्रीतल्या आणखी मोजक्याच डोंगरांवर हे होतं, बाकी जगात कुठेही रानात नाही. शिंदळ माकुडी हे त्याचं गावरान नाव. डाल्झेल या वनस्पतिशास्त्रज्ञांनी त्याला शास्त्रीय नाव दिलं तेव्हा मुंबई इलाख्याचे गव्हर्नर बार्टल फ्रिअर होते, त्यांच्यावरून ते फ्रेरिया झालं. माकडशिंगाच्या कुळात खोडं मांसल आणि पानं जवळपास नसलेली, हा नेम. शिवसुमन एकटं पावसाळ्यात पानं धरतं आणि कोरडीत गाळून टाकतं. फूल पाच पाकळ्यांचं, गर्द तांबडं, त्यावर पिवळे ठिपके. ते बघितल्यावर परदेशी निवडुंगांसाठीची माझी धावपळ पुष्कळ कमी झाली. पण किल्ल्यावरून त्याचा तुकडासुद्धा आणू नका. तिथं ते आधीच थोडं उरलंय. कांडीपासून ते सहज होतं. ज्यांनी बागेत वाढवलंय त्यांच्याकडून मागून घ्या.

पाण्याचं सांगते. देशी झुडपांना पहिली दोन वर्षं पाणी लागतं, पुढे नाही. रोपाशेजारी मातीचं बिनभाजणीचं नव्हे, साधं भाजलेलं, रंग न लावलेलं गाडगं गळ्यापर्यंत पुरा, आठवड्यातून एकदा भरा, वर झाकण ठेवा. ते पाझरत राहतं आणि मुळं त्याच्याकडे वळतात. निवडुंगांना उन्हाळ्यात पंधरा दिवसांनी एकदा, संध्याकाळी, भरपूर. रोजचं भांडंभर पाणी नको. चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होतं. म्हणजे शंभर चौरस मीटरच्या छपरावर आपल्या पाचशे मिलिमीटरात पन्नास हजार लिटर पडतं. थोडं वाया गेलं तरी एवढ्या बागेला ते पुरून उरतं. नळाचं पाणी लागत असेल तर बाग पुन्हा तपासा. आणि रोपवाटिकेच्या शेडनेटखाली वाढलेला निवडुंग आणून थेट चैत्राच्या उन्हात ठेवू नका. पश्चिमेच्या बाजूनं तो पिवळा पडून भाजतो आणि तो डाग कायमचा. पंधरा-वीस दिवस सावलीतून हळूहळू उन्हात न्या.

एक गोष्ट मला सगळ्यांत जड गेली. एप्रिलमध्ये माझी बाग तपकिरी होते. गवत वाळतं, शिवसुमनाचं खोड सुरकुततं, शतावरीचा वरचा भाग जळून जातो. येणारे-जाणारे म्हणतात, बाई, पाणी घाला की जरा. पहिल्या वर्षी मी घातलं, आणि निजलेलं शिवसुमन त्या पाण्यानं कुजलं. आता मी बघत बसते. शतावरीच्या बुंध्याशी थोडं उकरलं की मुळं टणक, भरलेली लागतात. वळवाचा पहिला पाऊस झाला की आठवडाभरात कोंब वर येतो. तोवर उंचवट्यावर त्रिधारी हिरवा असतो आणि नेपती फुललेली असते. डोळ्यांना तेवढं पुरतं, असं मला आता वाटतं.

दाराशी टोपलीत माकडशिंगाच्या कांड्या ठेवल्या आहेत, माझ्याच बागेतल्या. प्रत्येकानं एक न्या. आज लावू नका. आठ दिवस सावलीत नुसत्या वर्तमानपत्रावर ठेवा, कापलेली बाजू कोरडी होऊ द्या. मग मुरमात बोटभर खोल रोवा, दगडाचा आधार द्या आणि पुढचे दहा दिवस पाणी घालू नका. टोपलीच्या तळाशी आहेत त्या जरा सुरकुतलेल्या दिसतील. त्या सगळ्यांत आधी मूळ धरतात.