साथ करणारे: २०१२ सालचे सात सपोर्टिंग रोल

(पडद्यावर: रात्रीचं देऊळ, प्रांगणात प्लॅस्टिकच्या खुर्च्या, स्टेजवर पडदा अजून बंद)

फोंडा तालुक्यातल्या आमच्या गावात जत्रेचं नाटक किती वाजता सुरू होईल ते कोणालाच सांगता यायचं नाही. आधी पालखी, मग पावणी, म्हणजे देवाला आलेल्या नारळ-केळ्यांचा लिलाव, तो रंगला की रंगला, आणि तो संपल्यावर कुठे पडदा वर जायचा तोवर रात्रीचा एक वाजलेला असायचा. नट सगळे गावचेच. एका वर्षी ऐतिहासिक नाटक होतं आणि त्यात राजाच्या मागे उभा राहणारा हुजऱ्या होता, दिवसा बस चालवणारा माणूस, पूर्ण अंकात त्याला फक्त दोन वाक्यं. मी झोपेला आलो होतो. आजीने मला कोपराने ढोसलं आणि म्हणाली, राजाकडे काय बघतोस, त्याच्याकडे बघ, तो कसा ऐकतोय बघ. आणि खरंच तो माणूस राजाचं प्रत्येक वाक्य पहिल्यांदाच ऐकत असल्यासारखा उभा होता, आणि त्याच्यामुळे तो राजा राजा वाटत होता, नाहीतर तो आमच्या शाळेतला पीटीचा मास्तर.

ते डोक्यात बसलं ते बसलंच. त्यामुळे सपोर्टिंग रोल बघताना मी एकच गोष्ट बघतो, साथ. हा लयभास्कर खाप्रुमाम पर्वतकरांचा गोवा आहे, तबल्याची साथ म्हणजे काय ते इथे गल्लीतलं पोरही सांगेल. गाणाऱ्याला झाकून टाकलं तर ती साथ नव्हे, आणि नुसता ठेका धरून बसलास तरी ती साथ नव्हे. समोरच्याचं गाणं तुझ्यामुळे चार बोटं वर गेलं पाहिजे.

(पडद्यावर: मांडवीचा काठ, जुन्या गोवा मेडिकल कॉलेजच्या इमारती, आयनॉक्ससमोरची रांग)

आता २०१२ च का? कारण हिंदीत दुय्यम भूमिकांचं एवढं भरघोस पीक आलेलं दुसरं वर्ष मला तरी माहीत नाही. आणि त्याच वर्षी नोव्हेंबरच्या २० तारखेला पणजीत त्रेचाळीसावा इफ्फी, म्हणजे भारताचा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव, सुरू झाला, ओपनिंग फिल्म आंग ली यांची ‘लाइफ ऑफ पाय’. त्या सिनेमात आपली दोन-तीन माणसं होती, इरफान, तब्बू आणि अजून एक जण, त्याच्याकडे मी शेवटी येणार आहे. इफ्फी २००४ पासून गोव्यात आहे, तेव्हापासून आमच्या पिढीचं नोव्हेंबर महिन्याचं वेळापत्रकच बदललं, कॉलेज गेलं खड्ड्यात, गळ्यात डेलिगेट कार्ड आणि सकाळपासून रांग. रांगेत भांडणं व्हायची ती कोण हिरो यावरून नाही, छोट्या रोलवरून. हा माझा सात जणांचा क्रम त्या भांडणांतूनच आलाय. फक्त पुरुष कलाकार घेतलेत, कारण ‘विकी डोनर’मधल्या डॉली अहलुवालियांचा आणि बाकीच्या बायकांचा वेगळा व्हिडिओ करायला लागेल, एवढं मटेरियल आहे.

सातवा नंबर, ऋषी कपूर, ‘अग्निपथ’. २६ जानेवारीला आला होता. रौफ लाला हे पात्र १९९० च्या मूळ सिनेमात नव्हतंच, नव्यासाठी लिहिलं. आयुष्यभर स्वेटर घालून झाडाभोवती फिरलेला माणूस डोळ्यात सुरमा घालून पोरी विकायला बसतो आणि आपल्याला आत काहीतरी ढवळतं. धक्का मोठा आहे, काम दमदार आहे. पण खरं सांगू का, त्यातला बराचसा धक्का आपण ऋषी कपूरला ओळखतो म्हणून बसतो. ज्याने त्याला आधी कधी पाहिलंच नाही त्याला तेवढा बसेल का? मला नाही वाटत. म्हणून सातवा.

सहावा लावला की शिव्या पडणार हे माहीत आहे. अन्नू कपूर, ‘विकी डोनर’, दर्यागंजात क्लिनिक चालवणारा डॉक्टर बलदेव चड्ढा. राष्ट्रीय पुरस्कार मिळाला याला, सर्वोत्कृष्ट सहाय्यक अभिनेता, आणि तो मिळायलाच हवा होता. २०१२ साली स्पर्म डोनेशनवर घरातल्या सगळ्यांबरोबर बसून बघता येईल असा पिक्चर होणं हीच केवढी गोष्ट, आणि ते जमलं ते या डॉक्टरमुळे, कारण तो ज्या सहजतेने बोलतो त्या सहजतेने लाज पळून जाते. माणूस बघितला की त्याचं वर्गीकरण करून टाकतो, बाजारात बांगडे निवडावेत तसं. मग सहावा का? कारण काही ठिकाणी, थोड्याच, पण आहेत, तो आयुष्मानच्या पुढे निघून जातो. आयुष्मान नवा होता, पहिलाच सिनेमा, आणि अन्नू कपूर नाटकातून मुरलेला माणूस. तबलजीने समेवर येताना टाळ्या स्वतःकडे घेतल्या तर आम्ही लोक वाहवा करतो खरी, पण गाणारा एक क्षण एकटा पडतो.

पाचवा, तिग्मांशू धुलिया, ‘गँग्स ऑफ वासेपूर’. आता या माणसाचं वर्ष बघा. मार्चमध्ये याने दिग्दर्शित केलेला ‘पान सिंग तोमर’ आला, त्याला पुढे सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, इरफानला अभिनेत्याचा, तो आपल्या विक्रम गोखल्यांबरोबर विभागून, गोखल्यांना मराठी ‘अनुमती’साठी. आणि जूनमध्ये हाच दिग्दर्शक कॅमेऱ्यासमोर येऊन रामाधीर सिंग झाला. पाच तासांहून लांब सिनेमा, फ्रान्सच्या कान महोत्सवात मे महिन्यात डायरेक्टर्स फोर्टनाइट या विभागात दाखवला, इकडे जून आणि ऑगस्टमध्ये दोन भागांत आला. त्यात तीन पिढ्या येतात, गोळ्या घालतात, मरतात, आणि रामाधीर तिथेच खुर्चीत. खून करणाऱ्यांच्या सिनेमात हा माणूस हिशेब ठेवणारा आहे. मुलाला तुझ्याच्याने होणार नाही असं सांगतो तो सीन मीम होऊन देशभर फिरला, पण मीममध्ये एक गोष्ट हरवली, की तो ते रागाने म्हणत नाही, थकून म्हणतो. बाप थकलेला आहे. तिथे मला तो दुष्ट माणूस पहिल्यांदा म्हातारा दिसला.

याच सिनेमात पंकज त्रिपाठीचा सुलतान आहे, जयदीप अहलावतचा शाहिद खान आहे, पियूष मिश्रांचा नासिर आहे, ज्याच्या आवाजात ती सगळी गोष्ट आपल्याला ऐकू येते. निवेदन करताना मी त्या आवाजाचा विचार नेहमी करतो, घरातलाच माणूस घराची नासाडी सांगतोय, आणि कुठेही रडत नाही.

(पडद्यावर: डोंगर, अर्धवट कापलेली लाल माती, लांबून समुद्र)

चौथा, फारूक शेख, ‘शांघाय’. आणि इथे मला थोडं थांबायचंय.

दिबाकर बॅनर्जीचा सिनेमा, ८ जूनला आला. एका छोट्या शहरात मोठा बिझनेस पार्क आणायचाय, जमिनी घ्यायच्यात, विरोध करणारा एक डॉक्टर आहे, त्याच्यावर ट्रक घालतात. गोव्यातल्या माणसाला हा सिनेमा समजावून सांगावा लागत नाही. २००७ साली इथे एसईझेडच्या, म्हणजे विशेष आर्थिक क्षेत्रांच्या, विरोधात लोक रस्त्यावर उतरले होते आणि वर्ष संपता संपता सरकारने सगळे एसईझेड रद्द करत असल्याचं जाहीर केलं होतं, आमच्या घरात तेव्हा जेवताना दुसरा विषय नव्हता. त्यामुळे फारूक शेख कौल नावाचा बडा अधिकारी बनून पडद्यावर आला तेव्हा मला वाटलं, याला मी ओळखतो. आवाज चढवत नाही, गोड बोलतो, चौकशी करणाऱ्या ज्युनिअरला बढतीचं आमिष असं दाखवतो जसं घरी आलेल्याला आपण चहा विचारतो. ऐंशीच्या दशकात ज्याच्या भोळ्या चेहऱ्यावर अख्खं मध्यमवर्गीय घर विश्वास टाकायचं, तोच चेहरा. ऋषी कपूरने चेहरा बदलला होता, फारूक शेखने काहीच बदललं नाही, तेच हसू, तीच नजाकत, आणि हळूहळू कळतं की या नजाकतीच्या मागे एक माणूस ट्रकखाली गेलेला आहे. तो ज्युनिअर, अभय देओलचा कृष्णन, सिनेमाभर शांत असतो, आणि त्याची ती शांतता फुटायला लागते ती याच्या समोर बसल्यावर. हीच साथ. पुढच्या वर्षी, २८ डिसेंबर २०१३ ला, फारूक शेख दुबईत गेले. त्यांनी असे अजून दहा रोल करायला हवे होते, ही हळहळ माझ्या मनातून जात नाही.

इम्रान हाश्मीही याच सिनेमात, पुढे आलेलं पोट, डागाळलेले दात, लग्नाचे व्हिडिओ काढणारा जोगी. कित्येक जण त्याला वर लावतील. चांगलाच आहे, पण तो अर्धा हिरोच आहे ना तिथे.

तिसरा नवाझुद्दीन. कुठला, हा प्रश्न आहे, कारण त्या वर्षी हा सगळीकडेच होता आणि राष्ट्रीय पुरस्कारांतही त्याला चार सिनेमांसाठी मिळून स्पेशल ज्युरी अवॉर्ड दिलं. ‘वासेपूर’च्या दुसऱ्या भागात तो लीड आहे, तो बाजूला. ‘कहानी’तला खान लोकांना आवडतो, सिगरेट, शिवी, तडफ, मलाही आवडतो. पण मी लावणार ‘तलाश’मधला तैमूर. ३० नोव्हेंबरला आला, म्हणजे आमचा इफ्फी संपतोय न संपतोय तोच. लंगडा, हलकी कामं करणारा, ज्याला कोणी माणसात धरत नाही, आणि तरीही ज्याला इथून बाहेर पडायचं स्वप्न आहे. आमिर खान असलेल्या पिक्चरमध्ये मी या माणसाची काळजी करत बसलो होतो, त्याने ती चूक करू नये, करू नये, असं मनात म्हणत. तो करतोच.

दुसरा नंबर, शाश्वत चॅटर्जी, ‘कहानी’, बॉब बिस्वास. मिनिटं मोजायला बसलात तर बोटांवर संपतील. ढेरी, तेल लावून चापून बसवलेले केस, विम्याचा एजंट, टार्गेट पूर्ण होत नाही म्हणून साहेबाची बोलणी खाणारा, आणि तो नमस्कार करून नम्रपणे एक मिनिट मागतो आणि समोरच्याला गोळी घालतो. मेट्रोच्या फलाटावरचा तो इंटरव्हलच्या आसपासचा सीन आठवा, विद्या बालन पोटुशी, मागून हा येतो, आणि त्याच्या चेहऱ्यावर काहीही नाही, म्हणजे पोस्टात तिकीट लावताना आपला चेहरा असतो तसा. साथ कशी म्हणाल, तर एकदा हा बघितला की नंतर कोलकात्याच्या गर्दीतला प्रत्येक साधा माणूस बॉब वाटायला लागतो, विद्याच्या बाजूने जो कोणी जाईल त्याची भीती वाटते, आणि ती भीती तिच्या भूमिकेला मिळते, हा फ्रेममध्ये नसतानाही. पुढे २०२१ मध्ये या पात्रावर वेगळा सिनेमाच निघाला, त्यात बॉब झाला अभिषेक बच्चन. कोणाचाही मान ठेवून सांगतो, तो नमस्कार शाश्वतचाच.

(पडद्यावर: स्वयंपाकघर, परातीत लाडू वळणारे हात, चेहरा दिसत नाही)

आणि पहिला. आदिल हुसेन, ‘इंग्लिश विंग्लिश’, सतीश गोडबोले.

आसामातल्या गोलपाऱ्याचा माणूस, दिल्लीच्या एनएसडीत, म्हणजे राष्ट्रीय नाट्य विद्यालयात शिकलेला, आणि पुण्यातला गोडबोले झाला. तोच ज्याला पणजीने ‘लाइफ ऑफ पाय’मध्ये पायचा बाप म्हणून बघितलं. गौरी शिंदेचा सिनेमा ५ ऑक्टोबरला आला, श्रीदेवी पंधरा वर्षांनी परत येत होती, सगळ्यांचं लक्ष तिच्यावर आणि असायलाच हवं. सासू सुलभा देशपांडे, त्यांच्यावरही तासभर बोलता येईल. पण या सिनेमाचं सगळं गणित नवऱ्यावर उभं आहे. तो मारत नाही, ओरडत नाही, दारू पीत नाही, दुसरी बाई नाही. तो फक्त हसतो. बायको जॅझ शब्द चुकीचा म्हणते, मुलगी हसते आणि हाही हसतो. चारचौघांत तिच्या लाडवांचं कौतुक करतो ते असं, की माझ्या बायकोचा जन्मच लाडू करायला झालाय. म्हणताना प्रेमानेच म्हणतो हो. नटाने तिथे एक टक्का जरी खलनायकी दाखवली असती ना, तर आपण सगळे पुरुष सुटलो असतो, आपण काय त्याच्यासारखे नाही म्हणून. त्याने ती दाखवली नाही. त्यामुळे श्रीदेवीच्या चेहऱ्यावर जे दुखतं ते आपल्यालाच आपण दिलेलं वाटतं.

मी आईला घेऊन गेलो होतो बघायला. परत येताना बसमध्ये ती बराच वेळ काही बोलली नाही. मग खिडकीबाहेर बघतच म्हणाली, त्या नटाने तुझ्या बाबांना कुठे पाहिलं? मी काय बोलणार. बाबा चांगला माणूस आहे माझा. सतीश गोडबोलेही चांगलाच माणूस आहे.

पुरस्कारांत या भूमिकेचं नाव फारसं निघालं नाही, आणि का ते मला समजतं, त्यात काढून दाखवण्यासारखा एकही सीन नाही, डायलॉग नाही, मीम नाही. आमच्या गावचा हुजऱ्याही तसाच, दुसऱ्या दिवशी लोक राजाचं कौतुक करत होते.

शेवटचा लग्नाचा सीन सगळ्यांना पाठ आहे, शशीचं, म्हणजे श्रीदेवीचं, इंग्लिशमधलं भाषण. पुढच्या वेळी तो लागेल तेव्हा एकदा तिच्याकडे बघू नका. तिने बोलायच्या आधी हा उठतो, तिच्या वतीने माफी मागायला, माझ्या बायकोचं इंग्लिश तेवढं चांगलं नाही म्हणून. ती त्याला थांबवते. तो बसतो. तिथून पुढे फक्त त्याच्याकडे बघा, तो कसा ऐकतोय बघा.