लाटेच्या कोपऱ्यातली अक्षरं

जपानी चित्रकार होकुसाईच्या छापील चित्रातली ही लाट तुमच्या ओळखीची आहे. टी-शर्टवर, मोबाईलच्या कव्हरवर कुठेतरी भेटलेलीच असणार. आता लाट जरा बाजूला ठेवा, तिच्या तावडीत सापडलेल्या तीन होड्याही ठेवा आणि डावीकडचा वरचा कोपरा बघा.

चौकटीत उभ्या ओळींत चित्राचं नाव आहे. चित्रमाला 'फुजीची छत्तीस दृश्यं' आणि हे दृश्य कानागावाच्या समुद्रातलं. चौकटीबाहेर सही: 'पूर्वीचा होकुसाई, आताचा इइत्सु, याच्या कुंचल्यातून'. साल साधारण 1831, गाव एदो, म्हणजे आजचं टोकियो. सही करणारा सत्तरीचा, आणि नावं बदलायची हौस दांडगी.

'कुंचल्यातून' म्हणतोय खरा, पण या कागदाला त्याचा कुंचला कधी लागलेलाच नाही.

जपानी सुलेखनात फटकारा एकदाच. शाईचा कुंचला टेकला की माघार नाही, गिरवणं तर नाहीच. छपाईत मात्र चित्रकारानं ज्यावर कुंचला चालवला तो मूळ पातळ कागद खोदकाम करणाऱ्या कारागिराकडे जाई. तो चेरीच्या फळीवर कागद उपडा चिकटवी, आणि मग सुरीनं प्रत्येक रेघेच्या दोन्ही कडा कापत जाई. रेघ उभी राही, भोवतालचं लाकूड निघून जाई. हाताच्या एका झटक्यात उमटलेलं अक्षर, त्याची जाडी, त्याचं निमुळतं टोक, सगळं सावकाश, श्वास रोखून कोरायचं. आणि या कामात मूळ कागद संपून जाई.

पुढचं काम छापणाऱ्याचं. यंत्र नाही. फळीवर रंग लावायचा, ओलसर कागद ठेवायचा आणि बांबूच्या पातीत गुंडाळलेल्या चकतीनं पाठीवरून घासायचं. रंग बदलला की फळी बदलली. कागद हलू नये म्हणून फळीवर खाचा. त्यातला निळा युरोपात शोधलेला; बर्लिनचा म्हणून त्याला 'बेरो' म्हणत. असं चित्र नूडल्सच्या दोनेक वाडग्यांच्या मोलात मिळे. दिवाणखान्यातला ऐवज नव्हे, बाजारातला माल.

मागणी आली की त्याच फळ्या पुन्हा बाहेर निघत. लाकूडच ते, झिजणारच. सगळ्यात आधी बारीक रेघा तुटत. म्हणून आज एखादी प्रत आधीची की नंतरची हे ठरवताना अभ्यासक लाटेकडे नंतर वळतात. आधी भिंग धरतात ते या कोपऱ्यावर, चौकटीची रेघ अखंड आहे की तिला खंड पडलेत ते बघायला.